सडाघरची लाइन

बोलायच्या आधी ऐकायचं, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी शिकवलं गेलं आणि त्याचा मला पगार मिळायचा. आता तेच यंत्रांना शिकवतात. माणसांना शिकवायचा नाद सगळ्यांनी सोडून दिलेला दिसतो.

मी प्रमिला डुबल. वय एकोणऐंशी, गुडघे त्याहून थोडे मोठे. उंब्रणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ट्रंक ऑपरेटर होते. ट्रंक म्हणजे काय, हे हल्ली नातवंडांना सांगताना माझी दमछाक होते, म्हणून इथे थोडक्यात सांगते. परगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडे नाव नोंदवायचं. आम्ही तिकीट फाडायचो, त्यावर वेळ लिहायचो आणि लाइन मोकळी झाली की दोरी खुपसून जोडून द्यायचो. कॉल तीन प्रकारचे. ऑर्डिनरी, म्हणजे बसा वाट बघत. अर्जंट, म्हणजे दुप्पट पैसे आणि निम्मी वाट. आणि लाइटनिंग, म्हणजे आठपट पैसे, बाकीचे सगळे बाजूला. बोर्डावर खुपसायच्या आधी त्या लाइनवर कान द्यायचा, कुणी बोलतंय का ते ऐकायचं. न ऐकता खुपसली तर दोघांचं बोलणं एकमेकांत घुसायचं आणि सुपरवायझर बाई आमच्यात घुसायच्या.

घाटमाथ्यावर सडाघर नावाचं छोटं एक्स्चेंज होतं. त्यांचे सगळे कॉल आमच्यामार्फत खाली यायचे. तिथली ऑपरेटर मालन सुतार. ऑपरेटर लोकांची आपसात बोलायची एक वेगळी तार असते, ऑर्डर वायर म्हणतात तिला. त्या तारेवर आम्ही एकमेकींना नावानं हाक मारत नसू, गावाच्या नावानं मारायचो. ती म्हणायची, "उंब्रण, सांगली दे गं." मी म्हणायची, "सडाघर, जरा दम धर." बोर्डावरच्या बारा वर्षांत आम्ही एकमेकींना एकदाही पाहिलं नव्हतं, पण ती जेवायला काय आणते, तिला सर्दी कधी होते, भावजयीशी कधी वाजतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सुपरवायझर पाठीशी उभ्या असल्या की गप्पा मारता यायच्या नाहीत. मग आम्ही नखानं माउथपीसवर ठोका द्यायचो. एक ठोका म्हणजे "आहे". दोन म्हणजे "थांब". तीन म्हणजे "घे, लाइन तुझी". आणि काहीच काम नसलं की ती तार तशीच उघडी ठेवायची. तिकडे सडाघरचा वारा पत्र्यावर वाजायचा, इकडे आमचा पंखा कुरकुरायचा. आपण होऊन त्या शांततेत बोलायचं नाही, ही आमची रीतच पडून गेली. तार शांत आहे म्हणजे सगळं ठीक आहे. काही झालं तर समोरची ठोका देईलच.

आता पंच्याऐंशी सालची एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मालनच्या वडिलांना ऑपरेशनसाठी सांगलीहून मुंबईला न्यायचं होतं. निघायच्या आधी त्यांच्याशी बोलायचं म्हणून तिनं कॉल नोंदवला. भावानं वडिलांना शेजारच्या दुकानात फोनपाशी आणून बसवलं होतं. व्यक्तीच्या नावाचा कॉल, म्हणजे ती व्यक्ती हजर असेल तरच जोडायचा; पण ऑर्डिनरी. ऑपरेटरनं स्वतःचा कॉल पुढे ढकलायचा नाही, असा नियम होता आणि आम्ही दोघी नियमाच्या पक्क्या. त्या दिवशी सांगलीच्या दोन लाइनींपैकी एक बंद पडली होती. बारा वाजून दहा मिनिटांनी दुसरी मोकळी झाली, पुढचं तिकीट मालनचं होतं, आणि तेवढ्यात आमच्या इथल्या हळदीच्या एका व्यापाऱ्याचा मुंबईला लाइटनिंग आला. तोही सांगलीवरूनच जायचा.

मी ऑर्डर वायरवर म्हटलं, "सडाघर, लाइटनिंग आलाय गं."

वाऱ्याचा आवाज येत राहिला. मग तीन ठोके आले.

मी घेतली लाइन. व्यापाऱ्यानं मुंबईच्या साडूशी बस्ता कुठल्या दुकानात बांधायचा यावर पाव तास चर्चा केली. त्यानंतर लाइनच खराब झाली. मालनचा कॉल लागला तेव्हा दोन वाजत आले होते. दुकानदार म्हणाला, गाडी एक वाजताच निघाली. मी तिकिटावर शेरा मारला, "व्यक्ती नाही." ऑपरेशन तिसऱ्या दिवशी झालं, त्यात ते गेले. मालननं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही, आणि मी तो विषय कधी काढला नाही. पन्नास वर्षं झाली त्याला.

पुढे थेट डायल आलं, बोर्ड भंगारात गेले आणि आम्हाला बिलं स्वीकारायच्या खिडकीत बसवलं. निवृत्त झाल्यावर मालन पुतण्याकडे उंब्रणला राहायला आली, नदीपलीकडच्या वसाहतीत. आम्ही पहिल्यांदा समोरासमोर भेटलो ती एसटी स्टँडवर, आणि दोघींचीही निराशा झाली. तिला वाटलं होतं मी उंच असेन. मला वाटलं होतं ती सडपातळ असेल. मग आम्ही भेटण्यापेक्षा फोनवरच जास्त बोलू लागलो.

चार वर्षांपूर्वी तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. शब्द कळतात, फक्त तोंडात येत नाहीत. मी तिला बघायला गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, माझे गुडघे म्हणजे नुसते नावाला. कॉटशेजारी बसले. तेवढ्यात तिनं डाव्या हाताच्या नखानं कॉटच्या लोखंडी कडेवर एक ठोका दिला.

आहे.

पदर तोंडात कोंबून मी रडले. त्या दिवसापासून रोज दुपारी दोन ते चार आमची लाइन उघडी राहू लागली. तिच्या उशाशी फोन, माझ्या टेबलावर फोन. तिच्या पुतण्याची बायको सुरेखा शिट्ट्या मोजत कुकर बंद करायची, खालून भंगारवाला जायचा, मालन कूस बदलायची. मधेच ठोका. मी उलट ठोका. मी भाजी निवडायची, पेपर वाचायची. माझे यजमान गेल्यापासून घर खायला उठायचं, ते त्या दोन तासांत उठत नसे. दिवसातले ते दोन तासच काय ते माझे, असं म्हटलं तरी चालेल.

मोबाइल कंपन्यांचा इथे उपयोग नव्हता. दोन्हीकडून कुणी बोललं नाही की त्यांचं यंत्र वीस मिनिटांत कॉल कापतं. आमचं काम गावाच्या मोकळ्या जाळ्यावर चालायचं. घराघराच्या गच्चीवर नगरपरिषदेनं पांढऱ्या डब्या बसवल्यात, त्या एकमेकींना आवाज पोचवतात, फुकट. साडेतीन वर्षं ते बिनबोभाट चाललं आणि गेल्या पावसाळ्यानंतर ठोके तुटू लागले. एकाच्या जागी अर्धा ऐकू यायचा. मग दहा-दहा मिनिटं सगळं बधिर. मी "आहे" म्हणायची आणि पलीकडून काही येईना.

हे जाळं सांभाळणाऱ्या नगरपरिषदेच्या लहर विभागात मी तक्रार केली. दुसऱ्याच दिवशी तिथल्या अभियंता तस्नीम मुजावर घरी आल्या. चाळिशीची बाई, डोक्यावर हेल्मेट, बोलायला मोकळी. मी चहा टाकला आणि सुनावलं, "फुकट आहे म्हणून काहीही पोचवावं असं नाही हो."

"मावशी, फुकट हाय म्हणूनच घोळ हाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला ते समजावलं. इतकं नीट मला आमच्या सुपरवायझरांनीही कधी काही समजावलं नव्हतं.

हवेतल्या बहुतेक लहरी सरकार कंपन्यांना लिलावात विकतं. पण काही पट्टे मोकळे ठेवलेत, गावाला गायरान असतं तसे. तिथे कुणालाही परवाना लागत नाही. एकच अट, रीत पाळायची. बोलायच्या आधी यंत्रानं ऐकायचं. कुणी बोलत असेल तर गप्प. शांत झालं तरी लगेच तोंड उघडायचं नाही, कारण गप्प बसलेले सगळेच एकदम उघडतील. म्हणून प्रत्येक यंत्र मनातल्या मनात एक चिठ्ठी उचलतं. चिठ्ठीवर आकडा असतो. तो उलटा मोजत यायचा, शून्य झालं की बोलायचं. मधे दुसरा कुणी बोलू लागला तर मोजणं थांबवायचं, त्याचं झालं की उरलेलं मोजायचं. दोघांचे शून्य एकाच वेळी आले तर दोघांचंही बोलणं वाया जातं, आणि मग त्या दोघांनी पुढची चिठ्ठी जास्त मोठ्या ढिगातून काढायची. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

"पूर्वी घरात पाच यंत्रं असायची, तवा हे भागायचं," तस्नीमबाई म्हणाल्या. "आता एका घरात सव्वाशे झाल्यात. फ्रीज बोलतो, मीटर बोलतं, झाडाची कुंडीसुदीक बोलती. म्हणून पावसाळ्यात आम्ही पंच बसवला."

पंच म्हणजे गल्लीच्या टोकाला खांबावर बसवलेलं यंत्र. ते ऐकतं, आणि कोण कसं बोलतंय त्यावरून प्रत्येकाला वर्ग देतं. वर्ग चार. पहिल्या वर्गाच्या डब्यात चारच चिठ्ठ्या, शून्य ते तीन. चौथ्याच्या डब्यात हजारभर. म्हणजे पहिल्याचा नंबर चटकन लागतो आणि चौथा मोजत बसतो.

"म्हणजे लाइटनिंग आणि ऑर्डिनरी," मी म्हटलं.

"तसंच. पन एक फरक हाय. तुमच्यात जास्त पैसे देईल त्याला आधी. हितं जो थोडकं बोलंल त्याला आधी. पहिल्या वर्गाला बोलायला मिळतात सेकंदाचे दोन हजारांश भाग. चौथ्याला आठ-दहा. लांबण लावायची असंल तर थांबायची तयारी पाहिजे."

मला हे फार आवडलं. आमच्या वेळी असं असतं तर बस्ता राहिला असता बाजूला. पण माझी लाइन का तुटते, हे विचारल्यावर त्या जरा अवघडल्या. पंचानं आमची लाइन महिनाभर ऐकली होती. त्याला तिथे बोलणं सापडलंच नाही. दोन तासांत वीस-बावीस खट खट आवाज, बाकी शांतता. त्यानं ठरवलं, कुणीतरी फोन बंद करायला विसरलंय. आणि टाकलं चौथ्या वर्गात.

"त्याला सांगा, आम्ही बोलतोय."

"मावशी, मी काय म्हनते, तुम्हाला ठोकाच पाठवायचा हाय ना? मी दोन बटनं करून देते. दाबलं की पलीकडं ठोका. एवढुसा निरोप. तो पहिल्या वर्गात हक्कानं बसतो, कुनाला धक्का न लावता."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं म्हंजे?"

"कुकर. भंगारवाला. तिचं कूस बदलणं."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "ते न्हाई जायचं."

"मग नको तुमचं बटण. मी काय तारमास्तर आहे?"

त्या गेल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा लबाडी केली.

नगरपरिषदेच्या अर्जात एक रकाना होता, "अखंड वैद्यकीय." ज्या रुग्णाचा श्वास किंवा हृदय दुरून सतत ऐकावं लागतं, त्याच्यासाठी. त्या लाइनला पहिला वर्ग तर मिळायचाच, शिवाय तिची पाळी संपली की लगेच पुन्हा चिठ्ठी उचलायची मुभा, आणि शांतता असली तरी ती शांतताही पाठवायची सोय. प्रश्न होता, रुग्णाचा श्वास सतत ऐकणे आवश्यक आहे काय? मी खूण केली, होय. आवश्यक होतंच मला. डॉक्टरला होतं की नाही, हे त्यांनी विचारलं नव्हतं. सुरेखाकडून मालनचे जुने कागद मागून घेतले आणि जोडले. मंजुरी यंत्रच द्यायचं, तपासणी नंतर सवडीनं. आठवड्यात मंजूर.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता लाइन इतकी स्वच्छ आली की मला मालनच्या मनगटातल्या बांगडीची किणकिणसुद्धा ऐकू आली. तिनं ठोका दिला, मी दिला. अगदी सडाघरची जुनी तार. मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही, उलट आनंदानं मी शिरा करून खाल्ला.

लबाडीचं एक असतं, आपल्याला वाटतं ती आपल्यालाच सुचली. आमच्या कॉलनीतल्या देशमाने सरांनी दाराच्या बेलचा कॅमेरा वैद्यकीय म्हणून नोंदवला. दारात कोण आलंय ते दिसलं नाही की रक्तदाब वाढतो म्हणे. कुणी माशांची टाकी नोंदवली, कुणी मालिका नोंदवली, मनःशांतीसाठी. मालनच्या वसाहतीत तर तीनशे चाळीस यंत्रांपैकी दोनशे बारा पहिल्या वर्गात जाऊन बसली. चारच चिठ्ठ्या आणि काढणारे दोनशे बारा. सगळेच पुढे उभे राहिले की रांग काही लहान होत नाही, नुसते धक्के वाढतात. लाइन पुन्हा मधूनमधून चरचरू लागली, पण आमची "अखंड" असल्यानं ती त्यातूनही वाट काढायची. मला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला सांगू.

मार्गशीर्षातला मंगळवार होता. मी मटार सोलत होते. दोन वाजता मालनचा ठोका आला, मी दिला. सुरेखाच्या चपला जिन्यावरून खाली गेल्याचं ऐकलं, दळण आणायला गेली असणार. मग बराच वेळ काही नाही. मग मऊ काहीतरी पडल्यासारखा आवाज. उशी असेल, असं मला वाटलं. ती उशी नेहमी पाडायची.

मी ऐकत होते, हे मला सांगायचंय. माझं लक्ष दुसरीकडे नव्हतं. टीव्ही बंद होता. मटाराच्या शेंगा मी हळूच फोडत होते, आवाज तिच्याकडे जाऊ नये म्हणून. तार शांत होती आणि आमच्या रितीप्रमाणे तार शांत म्हणजे सगळं ठीक. शांततेत आपण होऊन बोलायचं नाही. मी नऊ मिनिटं ती शांतता ऐकली. मग दार वाजलं आणि सुरेखाचा आवाज आला, "आत्या? आत्या, खाली कशा?" पुढे लाइन कुणाच्यातरी हातानं बंद झाली.

दुसरा झटका होता. ती कॉटवरून घसरून खाली पडली होती.

संध्याकाळी मी दवाखान्यात पोचले. सुरेखा बाकावर बसली होती. ती म्हणाली, "मावशी, त्यांच्या हातात ते मानूस पडलं की कळवायचं कंकण हुतं ओ. पडल्या पडल्या माझ्या फोनवर ओरडायला पायजे हुतं. मी खालीच हुते, गिरणीत. नऊ मिन्टं ते वाजलंच न्हाई." डॉक्टरांनी सांगितलं होतं, जीव वाचेल. उजवा हात जो थोडा थोडा उचलायला लागला होता, तो आता राहिला.

तस्नीमबाई दुसऱ्या दिवशी आल्या. कंकणाची तक्रार त्यांच्याकडेच गेली होती. माझ्याशेजारी बाकावर बसल्या. हातात पाटीसारखा पडदा.

"नोंद बघायची का, मावशी? न बघितली तरी चालंल."

मी म्हटलं, दाखवा.

कंकण म्हणजे बिचारं लहानसं यंत्र, त्याचा आवाज बारीक. तेही गायरानातलंच. त्यालाही रीत लागू, बोलायच्या आधी ऐकायचं. ते पहिल्या वर्गात होतं, खरोखरच्या हक्कानं. मालन पडली तसं त्यानं ऐकलं. कुणीतरी बोलत होतं. थांबलं, चिठ्ठी उचलली, पुन्हा ऐकलं. कुणीतरी बोलत होतं. पडद्यावर त्याच्या प्रत्येक प्रयत्नाची एक बारीक लाल रेघ होती, आणि पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला होता. मधे कुठे दुसऱ्याशी टक्कर, तिथे काळा ठिपका. नऊ मिनिटांनी एक हिरवी रेघ. तोवर सुरेखा दारात पोचली होती.

"कोण बोलत होतं?" मी विचारलं.

"वसाहतीतले खोटे अर्जवाले हुतेच. दोनशेच्या वर. त्यांच्यामुळं टक्करी झाल्या."

"पण सगळ्यात जवळ कोण होतं?"

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "उशाचा फोन. कंकणापासून दीड फूट. त्याच्या कानाशी तेच सगळ्यात मोठं ऐकू येतंय."

"तो काय बोलत होता?"

"काय न्हाई. शांतता पाठवत हुता. अखंड."

तिची हाक बाहेर पडत नव्हती, कारण मी तिला ऐकत होते. पंच्याऐंशी साली तिच्या आणि तिच्या बापाच्या मधे मी एका साडूचा बस्ता घातला होता. आता तिच्या आणि तिच्या जिवाच्या मधे मीच बसले होते, मटार सोलत.

"एकट्या तुमच्यामुळं झालं न्हाई," तस्नीमबाई म्हणाल्या. त्यांनी ते खोटं सांगितलं नाही, पण माझ्याकडे बघूनही सांगितलं नाही. मंजुरीचं यंत्र त्यांच्याच विभागानं बसवलं होतं, त्याचं त्यांनाही लागलं असणार.

घरी येऊन मी अर्ज लिहिला. यंत्राच्या रकान्यात नाही, कागदावर. माझी लाइन वैद्यकीय नव्हती, मी खोटी खूण केली, ती काढून टाकावी. खाली सही. तोच कागद आमच्या कॉलनीच्या फलकावरही लावला. माझं बघून देशमाने सरांनी बेल काढली, असं काही नाही. नगरपरिषदेची नोटीस आली तेव्हा काढली. पण काढली.

आणि तस्नीमबाईंना सांगितलं, ती बटणं करून द्या.

मालनला घरी सोडल्यावर मी पुन्हा ते तीन मजले चढले. प्रत्येक वळणावर थांबत, कठड्याला धरून. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ती पडून होती, तोंड खिडकीकडे. मी खुर्ची ओढली आणि आधी नऊ मिनिटांचं सांगितलं. मग पन्नास वर्षांपूर्वीचं. म्हटलं, "सडाघर, तू तीन ठोके दिलेस. पण मी विचारायला नको होतं. मी विचारल्यावर तू दुसरं काय म्हणणार होतीस? तुझा नंबर होता. मी आधी तुला लावून द्यायला हवं होतं आणि मग सुपरवायझरची बोलणी खायला हवी होती. माझं चुकलं."

ती खिडकीकडेच बघत होती. डोळ्याच्या कडेनं पाणी कानाकडे गेलं. मग डावा हात हलला. कॉटच्या कडेवर दोन ठोके.

थांब.

मी थांबले. सुरेखानं चहा आणला, तो निवला. पुढे काही आलं नाही. अंधार पडायच्या आत जिना उतरायचा होता म्हणून मी उठले. तिच्या हाताशी बटणाची डबी ठेवली, कसं दाबायचं ते दाखवलं आणि निघाले. रागावली असेल तर तिला तो हक्क होता. पन्नास वर्षं साठलेलं एका दुपारी कसं उपसणार?

दुसऱ्या दिवशी दोनला मी टेबलापाशी बसले. समोर माझी डबी, काडेपेटीएवढी. कुकर नाही, भंगारवाला नाही, किणकिण नाही. जुन्या तारेवरची शांतता भरलेली असायची, पलीकडे कुणीतरी आहे हे त्या शांततेतच कळायचं. या डबीची शांतता नुसती लाकडाची. सव्वादोन झाले. अडीच. मी डबी हातात घेऊन बघितली, चालू होती. दोन चाळीस.

आमची रीत अशी, की शांततेत आपण होऊन बोलायचं नाही. मी ती रीत आयुष्यभर पाळली होती आणि तिचं काय झालं ते नुकतंच बघितलं होतं. मी एका हातातल्या फोनवर सुरेखाचा नंबर काढून ठेवला आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं. एकदा.

आहे.

डबी गप्प. मी आकडे मोजू लागले. दहापर्यंत गेले, वीसपर्यंत गेले. सुरेखाला लावायला बोट उचललं, आणि डबीतून ठोका आला. स्वच्छ, अख्खा. मग दुसरा. थांब म्हणतेय, असं मला वाटलं आणि मी मान खाली घातली.

मग तिसरा आला.

घे, लाइन तुझी.

मी तो बराच वेळ ऐकत बसले, तो केव्हाच संपला होता तरी. मग उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, पेन शोधलं, आणि त्या दिवसाच्या चौकोनात तिकिटावर लिहायचो तसं लहान अक्षरात लिहिलं. सडाघर. ऑर्डिनरी. दोन त्रेचाळीस. लागला.